तळमजल्याचं पाणी

नणंद-भावजया एकमेकींना पाण्यात पाहतात असं लोक म्हणतात. आमच्याकडे तो प्रश्नच आला नाही. आमच्या वन्सं खऱ्याखुऱ्या पाण्यातच पाहत असत, दिवसातून चार वेळा, आणि माझ्याकडे बघायला त्यांना सवड नव्हती. मी लग्न होऊन या घरात आले त्या दिवशी सगळे माझं तोंड बघायला दारात जमले होते. वन्संनी माझ्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं, म्हणाल्या, लवकर आत घ्या हिला, पाणी वळायला आलंय, मला बोट काढायचीय. आणि गेल्या. मला वाटलं, बाई जरा चक्रम दिसतेय. बावीस वर्षांनंतरही मी तो अंदाज पूर्णपणे मागे घेतलेला नाही.

आमचं घर समुद्राच्या गळ्याशी आहे. गळा हे आमचं नाव. दोन टेकड्यांच्या मधून समुद्राची एक अरुंद वाट आत जाते. भरतीला बाहेरचं सगळं पाणी त्या वाटेनं आत घुसतं आणि ओहोटीला त्याच वाटेनं बाहेर पळतं. आणि पळतं म्हणजे धावत्या माणसाला मागे टाकील असं पळतं. फक्त भरती संपून ओहोटी लागायच्या मधे, किंवा ओहोटी संपून भरती लागायच्या मधे, काही मिनिटं ते जागच्या जागी उभं राहतं. त्याला आमच्या घरात 'पाण्यानं दम खाल्ला' म्हणतात. सासऱ्यांच्या वेळेपासूनचा शब्द आहे. कुणी भांडता भांडता मधेच गप्प झालं तरी आम्ही म्हणतो, दम खाल्लाय, आता उलट्या बाजूनं सुरू होईल.

या गळ्यातून वन्संनी एकतीस वर्षं फेरीबोट चालवली. सासऱ्यांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी सुकाणू हातात घेतलं, वय सत्तावीस. लोक म्हणाले, ही बोट बुडवणार. एकतीस वर्षांत बुडाली ती एका साहेबांची टोपी, आणि तीही त्यांनी वन्संशी हुज्जत घालताना जोरात मान हलवली म्हणून. लग्न का नाही केलं असं मी एकदा धीर करून विचारलं होतं. त्या म्हणाल्या, दोन्ही काठांवरून स्थळं आली, पण जो तो आपल्या काठाला येऊन राहा म्हणत होता, मधे राहायला कुणी तयार होईना.

बोटीवर त्यांची भाषा मोजून तीन शब्दांची. कुणी घाईनं उडी मारायला लागलं की 'दम धर'. पाणी उभं राहिलं, निघायला हरकत नाही, की 'दम खाल्ला'. आणि धक्क्यावरचा दोर सुटायचा असला की 'सोड'. सोड हा शब्द दोराशिवाय दुसऱ्या कशासाठी त्यांनी कधी वापरला नाही. घरीसुद्धा नाही. नळ सोड, गाठ सोड, असं मी म्हटलं की त्या दचकत.

मग पूल झाला. चांगला झाला, रुंद झाला, आणि उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी फेरीबोटीत माणसं होती दोन, त्यातला एक चुकून आलेला. महिन्याभरात फेरी बंद. त्यात आमचे हे, म्हणजे वन्संचे धाकटे भाऊ, बसचे चालक. त्यांना बस मिळाली ती नेमकी पुलावरचीच. सख्ख्या बहिणीच्या पोटावर पाय देऊन यायचे बिचारे रोज संध्याकाळी घरी, मान खाली घालून. वन्सं त्यांना कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. पण त्या बसमध्ये पाऊल म्हणून टाकलं नाही. दातांचा डॉक्टर पलीकडच्या काठावर आहे. वन्संची दाढ दुखायला लागली तेव्हा मी म्हटलं, जाऊन या. त्यांचं उत्तर असं की दाढच ती, दुखून दुखून दमेल.

आणि मग ती बाई माझ्या स्वयंपाकघरात घुसली. जिनं एकतीस वर्षं बोट हाकली तिला घरात बसवलं की ती घरच हाकणार, दुसरं काय. एक दिवस मी बाजारातून आले तर माझे सगळे डबे फळीवरून हललेले. जड खाली, हलके वर, आणि डावीकडे जेवढं वजन तेवढंच उजवीकडे. का, तर म्हणे फळी कलती होते. माझी मिठाची बरणी शेगडीच्या डाव्या हाताला असायची, न बघता हात जायचा. ती गेली वरच्या फळीवर पार उजव्या टोकाला, साखरेच्या डब्याला तोलून धरायला. पुढची दोन वर्षं मी भाजी हलवता हलवता डावा हात लांब करत होते आणि हात हवेत जात होता. मी वन्संना काही बोलले नाही. मी यांना बोलले. हे म्हणाले, मी बस चालवतो, स्वयंपाकघर नाही.

मी बोलले नाही याला कारण होतं. दिवसातून चार वेळा, पाणी वळायच्या वेळेला, वन्सं हातातलं टाकून अंगणाच्या टोकाशी जाऊन उभ्या राहायच्या. पाण्याकडे बघत राहायच्या. मग एकदम म्हणायच्या, "दम खाल्ला." कुणाला? कुणालाच नाही. जिच्या या दोन शब्दांसाठी चाळीस माणसं आणि दहा सायकली ताटकळत उभ्या राहायच्या, तिचं ऐकायला आता अंगणात एक कोंबडी. हे बघितलं की मिठाची बरणी गेली खड्ड्यात असं वाटायचं. भाजी करायची वेळ झाली की पुन्हा डोकं फिरायचं, ते वेगळं.

अशात एका कंपनीची माणसं आली. जुन्या धक्क्यावरच्या तिकिटाच्या खोलीत त्यांनी टेबल टाकलं, भिंतीवर नकाशे लावले. त्यांची मुख्य म्हणजे एक तिशीची इंजिनिअर बाई, केस आखूड, कानावर पेन्सिल, बुटांना कायम चिखल. गळ्यातल्या पाण्यावर वीज करायची, असा बेत होता. पवनचक्की असते ना, तसंच यंत्र, पण वाऱ्याऐवजी पाण्यावर फिरणारं आणि समुद्राच्या तळाशी उभं राहणारं. आत जाणारं पाणी ते एका बाजूनं फिरवणार, बाहेर येणारं दुसऱ्या बाजूनं. लोकांना वाटलं, वेड लागलंय. वन्सं म्हणाल्या की वेड त्यांना नाही, आपल्याला लागलं होतं; एवढं पाणी दारातून फुकट धावतंय आणि आपण त्यावर नुसत्या सायकली पोचवल्या.

यंत्र तीन मजली घराएवढं. ते ज्यावर बसणार ती लोखंडी बैठक आधीच तळाशी टाकलेली होती. तराफ्यावरच्या मोठ्या क्रेननं यंत्र अलगद उतरवायचं आणि बरोबर त्या बैठकीवर बसवायचं. हे करायचं ते पाणी उभं असतानाच. एरवी उधाणाच्या दिवसांत पाणी जेमतेम चार मिनिटं उभं राहतं. अर्ध्या चंद्राच्या सुमाराला भांगाची भरती असते, मवाळ, तेव्हा मिळतात चौदा. त्या चौदा मिनिटांत काम झालं तर झालं.

ते दोनदा झालं नाही. पहिल्यांदा तराफा ओढणाऱ्या ओढबोटीचा दोर अडकला. दुसऱ्यांदा तर गंमतच झाली. लटकतं यंत्र गरगर फिरू नये म्हणून दोन बाजूंना दोन दोर धरायचे असतात, एक ओढबोटीनं आणि एक आमच्या काठाकडच्या लहान बोटीनं, कारण खडकांमुळे मोठी बोट तिथे जात नाही. इंजिनिअर बाईंनी क्रेनवाल्याला वायरलेसवर सांगितलं, "सोडा." म्हणजे यंत्र खाली सोडा. लहान बोटीवरच्या माणसानंही ते ऐकलं आणि इमानदारीनं हातातला दोर सोडला. तीन मजली यंत्र क्रेनला लटकून पाळण्यासारखं फिरायला लागलं. कसंबसं वर ओढून घेतलं. क्रेनवाला नंतर दोन तास कुणाशी बोलला नाही आणि लहान बोटीवरचा माणूस तर पुन्हा दिसलाच नाही.

आता तिसरी आणि शेवटची वेळ होती. क्रेनचा तराफा भाड्याचा, पंधरा दिवसांनी परत जाणार. तोवर यंत्र बसलं नाही तर कंपनी ते उचलून दुसऱ्या एका समुद्रात नेणार होती, तिथेही त्यांनी जागा पाहून ठेवली होती. बसलं, तर मात्र लहान बोटीला कायमचं काम होतं: यंत्रावर लक्ष ठेवायचं, ते वर काढून दुरुस्त करायचं असलं की दोर धरायचा. कायमचं काम, आणि पाण्यावरचं. हे कळल्यावर वन्संनी त्या दिवशी डबे पुसले नाहीत. कपाटातून बोटीवरचा जुना कोट काढला आणि उन्हात टाकला.

दुसऱ्या दिवशी ते काम मागायला तिकिटाच्या खोलीत गेल्या. मी पाठोपाठ चहाची किटली घेऊन. निमित्त हवं ना. इंजिनिअर बाईंनी चांगलं बसवून घेतलं, मावशी म्हणाल्या, आणि सहज विचारलं, उद्या सकाळी पाणी कधी उभं राहील? वन्संनी डोळे मिटून सांगितलं, दहा वाजून सहा. बाईंनी पडद्याकडे पाहिलं. त्यांनी तळाशी एक मापयंत्र ठेवलं होतं, पाण्याचा वेग मोजणारं. त्याच्या हिशेबानं नऊ पंचावन्न. अकरा मिनिटं आधी. वन्सं म्हणाल्या, तुमचं यंत्र चुकलंय. बाई शांतपणे म्हणाल्या, मावशी, तुमचंही बरोबर आहे, पण ते वरच्या पाण्याचं. तळाचं पाणी आधी वळतं, तिथे जमिनीला घासून ते लवकर मंदावतं आणि लवकर उलटतं.

झालं. एकतीस वर्षं पाणी ओळखणाऱ्या बाईला कालच्या पोरीनं पाणी शिकवलं. वन्सं उठल्या, चहा तसाच टाकला, आणि घरी येऊन त्यांनी दोन दिवस भांड्यांशी जे काही केलं ते भांडीच जाणोत. एका जागी दोन दोन पाणी असतं म्हणे, असं पुटपुटत होत्या. जेवताना मधेच म्हणायच्या, तळ काय वेगळ्या समुद्राचा आहे? मी वाढत होते. माझी खात्री होती की हे काम गेलं, आणि माझी बरणी आता जन्मभर उजव्या टोकाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझी धुण्याची बादली दिसेना. बाहेर बघते तर वन्सं होडीत. बादलीत एक धोंडा ठेवलाय, कडीला मासे धरायची बारीक लांब दोरी बांधलीय. मला म्हणाल्या, चल, बस. मला पाण्याची भीती वाटते हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. पण वन्संचा आवाज असा होता की पाय आपोआप होडीत गेले. थोडं आत जाऊन त्यांनी नांगर टाकला आणि बादली तळाच्या जवळपास पोचेल इतकी खाली सोडली. नाही, सोडली म्हणायचं नाही. उतरवली.

बसून राहिलो. वरचं पाणी अजून आत चाललं होतं, हळू, पण चाललं होतं. एक पान होडीच्या शेजारून आत गेलं, मग एक बाटलीचं बूच. बादलीची दोरी आधी आतल्या बाजूला कललेली होती. ती सरळ झाली. आणि मग, वर पान अजून आतच जात असताना, दोरी हळूहळू बाहेरच्या बाजूला कलायला लागली. मला कळेना, मी काय बघतेय. वन्संना कळलं. त्यांनी घड्याळ पाहिलं. पुन्हा दोरी पाहिली. मला वाटलं रडतील. आणि ही बाई हसायला लागली, होडी हलेपर्यंत हसली.

"अगं, एकतीस वर्षं मी वरच्या मजल्याशीच बोलत होते," त्या म्हणाल्या. "तळमजल्यावर कोण राहतं, याची चौकशीच केली नाही कधी."

तशाच ओल्या पायांनी तिकिटाच्या खोलीत गेल्या आणि इंजिनिअर बाईंना म्हणाल्या, तुझं बरोबर, माझं चूक. बाईंनी विचारलं कसं कळलं, तर मी मधेच सांगून टाकलं की माझ्या धुण्याच्या बादलीनं. बाई बघतच राहिल्या. म्हणाल्या, इथे आल्यापासून मला पाणी समजावून सांगणारे पंधरा-वीस जण भेटले, मी सांगितलेलं जाऊन तपासणाऱ्या तुम्ही पहिल्या. लहान बोट तुमची.

मग वन्संनी त्यांना शब्दांवरून झाडलं. 'सोडा' कशाला म्हणता? सोड फक्त दोराला. थांबायचं असलं की दम धर, पाणी उभं राहिलं की दम खाल्ला, यंत्र खाली न्यायचं तर उतर. बाईंनी लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर छापील कागद लागला. एकदम सरकारी थाटात: 'दम धर: सर्व काम तत्काळ थांबवणे. कोणीही म्हणू शकतो. म्हटल्यास कोणीही वाद घालू नये.' सासरे असते तर त्यांनी तो कागद काचेत घालून लावला असता. वायरलेसवरची नावंही ठरली. बाईंची खोली म्हणजे तळमजला, कारण मापयंत्र त्यांच्याकडे. वन्संची बोट म्हणजे वरचा मजला. ते मुख्य कचेरीतल्या मोठ्या साहेबांना समजेना, पण त्यांना समजावत बसायला कुणाला वेळ नव्हता.

यंत्र उतरवायच्या आदल्या दुपारी वन्सं मला म्हणाल्या, तू येतेस. मी म्हटलं, मी? त्या म्हणाल्या, बादली कोण बघणार? माझे डोळे वरच्या पाण्यावर लागणार, दोर ताणून धरायचाय, खडकापाशी भोवरा आहे. मी म्हटलं, बाईंचं मापयंत्र आहे की. त्या म्हणाल्या, ते त्यांच्याकडे आहे, माझ्याकडे तू आहेस. बावीस वर्षांत त्यांनी माझ्याविषयी बोललेलं हे सगळ्यात चांगलं वाक्य. मी केशरी फुगीर जाकीट घातलं, एका कागदावर सही केली, आणि देवाचं नाव घेत बोटीत बसले. हे पुलावरून बस नेत होते. वरून त्यांनी बायको आणि बहीण एका बोटीत पाहिली आणि म्हणे त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

सकाळ स्वच्छ होती. क्रेनवर यंत्र लटकत होतं, पांढरंशुभ्र, पाती मिटल्यासारखी. आमच्या बोटीच्या मागच्या कडीला त्याचा दोर. वन्सं एका हातानं सुकाणू आणि दुसऱ्यानं इंजिन सांभाळत बोट अशी धरून होत्या की दोर ना सैल, ना तटतटीत. खडकापाशी भोवरा बोटीला खेचत होता आणि त्या तिला बोटभरही हलू देत नव्हत्या. पलीकडे ओढबोटीचा कप्तान, एवढा अनुभवी माणूस, तोसुद्धा मान वळवून बघत होता. हे काम शिकवून येत नाही. मी मात्र मान खाली घालून माझी दोरी बघत होते. दुसरीकडे बघितलं असतं तर ओकले असते.

वायरलेसवर तळमजला बोलला. "तळानं दम खाल्ला. उतरायला सुरुवात करायची आहे. सगळ्यांनी सांगा."

ओढबोट म्हणाली, ठीक. मग आमची पाळी. वन्संनी समोर पाहिलं. पाणी वाहत होतं. हळू, पण डोळ्यांना दिसेल असं वाहत होतं, फेसाचे पुंजके आमच्या शेजारून जात होते. आणि एकतीस वर्षांची जीभ, ती कुठे ऐकते. वन्सं म्हणाल्या, "दम धर."

क्रेन जागच्या जागी थांबली. कुणी वाद घातला नाही, कागदावर तसं लिहिलंच होतं. सगळे वाट बघत राहिले. तळमजल्यानं एकदा हळूच विचारलं, वरचा मजला, काय दिसतंय? वन्संची नजर फेसावर. चौदातलं एक मिनिट गेलं. माझ्या हातातली दोरी सरळ उभी होती, ओळंब्यासारखी सरळ. मला दिसत होतं. आणि माझी जीभ टाळ्याला चिकटलेली. मिठाच्या बरणीवरून दोन वर्षं जी बाई तोंड उघडू शकली नाही, ती भर समुद्रात काय उघडणार? दुसरं मिनिट चालू झालं. पंधरा दिवस, तराफा, उन्हात टाकलेला कोट, अंगणातली कोंबडी, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं आणि मला इतका राग आला की भीतीच गेली.

"वन्सं," मी म्हटलं, "तुम्ही चुकताय. दोरी सरळ आहे."

त्यांनी वळून पाहिलं. दोरीकडे नाही, माझ्याकडे. मी लग्न होऊन आले त्या दिवशी जे तोंड बघायचं राहिलं होतं ते त्यांनी तेव्हा पाहिलं. मग वायरलेस तोंडाशी नेला.

"तळमजला, चूक माझी. दम खाल्लाय. उतर."

समोरचं पाणी वाहत होतं आणि त्या 'उतर' म्हणाल्या. यंत्र पाण्यात शिरलं, पाती गेली, मान गेली, मग नुसती तार उरली. वन्संचा हात सुकाणूवर दगडासारखा. मिनिटं मी मोजली नाहीत, मोजायला भान नव्हतं. एवढंच आठवतं की माझी दोरी जेमतेम कलायला लागली होती, आणि वायरलेसवर क्रेनवाल्याचा आवाज आला. बसलं, म्हणाला. एवढंच. मग ओढबोटीनं भोंगा वाजवला, पुलावरून एका बसचा हॉर्न आला, तो वाजतच राहिला. बसमध्ये बसलेल्यांना वाटलं चालकाला काहीतरी झालं.

आम्ही तिथेच थांबलो. थोड्या वेळानं फेसाचे पुंजके जागच्या जागी उभे राहिले. वन्सं पुटपुटल्या, आता वरच्यानं खाल्ला. मग मला म्हणाल्या, "अगं, तू बोलतेस की." मी म्हटलं, बोलते, पण मला आधी काठावर न्या.

पुढचं भराभर झालं. वन्संना ओळखपत्र मिळालं. हुद्द्याच्या जागी काय लिहायचं यावर कचेरीत बराच खल झाला आणि शेवटी 'प्रवाह निरीक्षक' असं लिहिलं. वन्संना त्यातलं एकही अक्षर आवडलं नाही, फोटो त्याहून नाही. सह्या करायला मुख्य कचेरीत जायचं होतं, ती पलीकडच्या काठावर, आणि बोट त्या दिवशी रंगवायला काढलेली. वन्सं कोट घालून मुकाट्यानं बसथांब्यावर उभ्या राहिल्या. यांनी दार उघडलं आणि ते बंद करायचंच विसरले म्हणे. पुलाच्या मध्यावर आल्यावर त्या सीटवरून उठल्या आणि म्हणाल्या, हळू घे रे जरा. खाली पाण्यात यंत्राच्या जागेवर खुणेचं पिवळं पिंप तरंगत होतं, त्याच्याकडे त्या बघत राहिल्या. मागच्यांनी कुरकुर केली तर वन्संनी त्यांना दम धरायला सांगितलं. येताना दाढही दाखवून आल्या.

आता त्या रोज सकाळी कोट घालून जातात. धक्क्यावरून वायरलेसचा आवाज अंगणापर्यंत येतो. वन्सं विचारत असतात, तळमजला, दम खाल्ला का? आयुष्यभर जी बाई सांगत आली, ती आता आधी विचारते, आणि मग वरचं स्वतःचं सांगते. अंगणात कोंबडी आहेच, पण तिला आता काम नाही.

घर शांत झालं. मला वाटलं होतं, सुटले. खोटं कशाला बोलू, पहिले आठ दिवस करमलं नाही. भांड्यांचा आवाज नाही, फळीच्या तोलावर भाषण नाही. मी बरणी परत डावीकडे ठेवली नव्हती. मुद्दाम नाही, राहूनच गेलं. आणि खरं म्हणजे एव्हाना हात उजवीकडे जायला शिकला होता.

परवा वन्संना सुट्टी होती. यंत्र सुरळीत चालू, पाणी उधाणाचं, बोटीचं काही काम नाही. स्वयंपाकघरात आल्या आणि फळीसमोर उभ्या राहिल्या. मी मनात म्हटलं, आलं वादळ. त्यांनी मिठाची बरणी उचलली. हातात धरून उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"ही तुला कुठे हवी गं?"

मी शेगडीकडे तोंड केलं, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते मला त्यांना दाखवायचं नव्हतं. म्हटलं, आहे तिथेच राहू द्या वन्सं, नाहीतर साखरेचा डबा कलेल. त्यांनी बरणी जागेवर ठेवली, फळी दोन्ही टोकांना दाबून पाहिली, आणि भाजी चिरायला माझ्या शेजारी बसल्या.